नेम चुकला? आधी साईट कोणाच्या डोळ्याला बसवली ते विचारा

बाण लक्ष्याला लागला नाही तर दोष कोणाचा? हाताचा, धनुष्याचा, की नेम धरायला दिलेल्या साईटचा? तिरंदाजी शिकायला उभ्या राहिलेल्या प्रत्येक पोरापोरीला पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न पडतो. आणि बहुतेक वेळा बाजूला उभा असलेला जाणकार एका वाक्यात उत्तर देऊन मोकळा होतो, "तुझ्या हातातच नाही."

हे वाक्य आपल्या समाजाला नवं नाही. शाळेत गणित चुकलं की हेच वाक्य. मुलाखतीत मार्क कमी पडले की हेच वाक्य. फक्त तिथे त्याचं नाव 'मेरिट' असतं. म्हणून वैचारिक लेखांच्या या जागेवर आज आम्ही धनुष्यबाणावर लिहीत आहोत. (निवडणुकीतल्या चिन्हाशी याचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो.)

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीत विहाराच्या मागे मोकळी जागा आहे. तिथे आम्ही काही कार्यकर्ते आणि वस्तीतली पोरं-पोरी मिळून तिरंदाजीचा सराव करतो. बांबूची दोन धनुष्यं आहेत, आणि वर्गणी काढून घेतलेलं एक जुनं रिकर्व्ह धनुष्य आहे, साईट लावलेलं. टार्गेट म्हणजे जुन्या चिंध्या ठासून भरलेली पोती, मागे मातीचा उंच बांध. एप्रिल-मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा सराव सकाळी 6 ला. नियम दोनच, पण कडक. सगळ्यांचे बाण मारून झाल्याशिवाय रेषेच्या पुढे कोणीही जायचं नाही. आणि बाण न लावता ताणलेली दोरी कधीही सोडायची नाही. बाणात जायची ताकद मग धनुष्याच्या पात्यांत जाते आणि पाती तडकतात. वर्गणीचं धनुष्य आहे, पुन्हा वर्गणी कोण देणार?

आता मुद्द्यावर येऊ. नवशिक्याने पहिली गोष्ट शिकायची ती ही, की बाण कुठे लागले यापेक्षा ते एकमेकांपासून किती दूर लागले हे आधी पाहायचं. याला ग्रुप म्हणतात, आपण झुबका म्हणू. बाण मधल्या पिवळ्या वर्तुळापासून वीतभर लांब आहेत, पण सगळे तळहाताएवढ्या जागेत झुबक्याने लागलेत, तर मारणाऱ्याचा हात पक्का आहे. तो प्रत्येक वेळी तेच करतो आहे. चूक साईटची आहे. उलट एक बाण मध्यभागी, एक पोत्याच्या कडेला, एक बांधात, असं असेल तर साईटला हात लावायचा नाही. तिथे काम हातावर करायचं.

साईट हलवायचा नियमही सोपा आहे. बाण जिकडे गेला तिकडे साईट न्यायची. बाण डावीकडे लागतात, साईट डावीकडे. बाण खाली लागतात, साईट खाली. पोरांना हे उलटं वाटतं, म्हणून कारण सांगतो. साईटचा ठिपका डोळ्यासमोर लक्ष्यावर धरायचा असतो. ठिपका खाली सरकवला की त्याला पुन्हा लक्ष्यावर आणण्यासाठी धनुष्य धरलेला हात वर न्यावा लागतो. हात वर गेला, बाण वर लागला. यात मंत्र नाही, गुरुकृपा नाही. एकदा कारण कळलं की कोणाला विचारत बसावं लागत नाही.

मागे नववीतली एक मुलगी आमच्याकडे आली, ती आधीच खचून आलेली. कुठल्याशा उन्हाळी शिबिरात ती तिरंदाजी शिकायला गेली होती. तिथे 20 पोरांमध्ये एक धनुष्य. चौथ्या दिवशी तिला बाजूला बसवलं. ती सांगत होती, "दादा, ते सर म्हणे तुह्या हातात जोरच नाही. माहे बाण सारे खालीच जाते. मले म्हणे तू कबड्डी खेळ."

आम्ही तिला त्या दिवशी काहीच शिकवलं नाही. 15 मीटरवरून तीन-तीन बाणांच्या चार फेऱ्या मारायला सांगितल्या आणि गप्प बसून पाहिलं. 12 पैकी 10 बाण पिवळ्याच्या वीतभर खाली लागले. पण कसे? तळहाताखाली झाकता येतील असे, एका झुबक्यात. तिच्या आधी ते धनुष्य आमच्यातल्या एका सहा फुटी दादाच्या हातात होतं आणि साईट त्याच्या खुणेवर होती. उंच माणसाचा हात लांब, तो दोरी जास्त मागे ओढतो, बाणाला जास्त जोर मिळतो. शिवाय आपण दोरी ओढून हनुवटीखाली टेकवतो. ज्याचा चेहरा लहान, त्याच्या डोळ्यापासून बाणापर्यंतचं अंतर कमी, म्हणून त्याच साईटने त्याचा बाण मुळातच खाली रोखलेला असतो. दोन्ही कारणांनी तिचा बाण खालीच जाणार होता. साईट खाली घेतली. एका फेरीत बाण लाल वर्तुळात आले, आणखी थोडी खाली घेतली आणि बाण पिवळ्यात.

तिने बाण उपसले, परत आली आणि विचारलं, "म्हंजे मी तिथंबी बरोबरच मारत होती?"

तिथे शिबिरात साईटचा स्क्रू कोणी फिरवतं हेच तिने पाहिलं नव्हतं. सगळ्यांना एकच धनुष्य, एकच खूण. वरून पाहिलं तर किती समान वागणूक! पण ती खूण कोणाच्या तरी डोळ्याला, कोणाच्या तरी हाताच्या लांबीला बसवलेली असतेच. हवेतून पडलेली साईट नसते. ज्याच्या मापाने ती बसवली, त्याचा बाण मधोमध लागतो आणि तो गुणवान ठरतो. बाकीचे 'हातात नाही' म्हणून बाजूला बसतात. मेरिटच्या नावाने आपल्याला ऐकवणाऱ्यांना आमचा एवढाच प्रश्न आहे, की तुमची साईट कोणाच्या डोळ्याला बसवली आहे? घरात तीन पिढ्यांची पुस्तकं असलेल्या पोराच्या खुणेवर ठेवलेली साईट तुम्ही ऊसतोड कामगाराच्या पोरीच्या हातात देता, आणि बाण खाली लागला की तिचा हात तपासता. एका वस्तीतले शंभरातले नव्वद बाण एकाच जागी खाली लागत असतील, तर तो झुबका आहे. झुबका हा साईट बिघडल्याचा पुरावा असतो, हात बिघडल्याचा नाही.

कोणी म्हणेल हे रूपक झालं, इतिहासात दाखवा. दाखवतो. महार सैनिक ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत पिढ्यान् पिढ्या होते. 1 जानेवारी 1818 च्या कोरेगावच्या लढाईतले शहीद स्तंभावर कोरलेले आहेत. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार याच फौजेतले. पुढे 1890 च्या दशकात इंग्रजांनी 'लढाऊ जाती'चं धोरण आणलं आणि महारांची भरती बंद केली. विचार करा, हात तेच, नेम तोच. बदललं काय? फक्त मोजायची साईट. गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध अर्ज केला, 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी केला. मग पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 मध्ये 111 महार ही पलटण उभी राहिली, आणि गरज सरल्यावर 1921 मध्ये मोडली गेली. बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर 1941 मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. लढाऊपणा या माणसांच्या रक्तातून 1890 च्या दशकात निघून गेला, 1917 मध्ये परत आला, 1921 मध्ये पुन्हा गेला आणि 1941 मध्ये पुन्हा आला काय? साईट फिरवणारे हात दुसऱ्याचे होते, एवढंच.

इथवर वाचून ज्यांना बरं वाटलं त्यांनी पुढचं जास्त लक्ष देऊन वाचावं. कारण या नियमाची दुसरी बाजूही आहे. बाण विखुरलेले असतील तर साईटला शिव्या देऊन उपयोग नाही. तिथे दोष आपल्याकडेच शोधावा लागतो, आणि तो शोधायची पद्धत आहे. ती सांगतो.

आधी बाणांवर आकडे टाका. पाच बाण एकत्र लागतात आणि 4 नंबरचा प्रत्येक वेळी भरकटतो, तर तो बाणच बघा. मागची खाच तडकली असेल, पीस उखडलं असेल. कार्बनचा बाण असेल तर दोन्ही टोकं धरून हलकेच वाकवा आणि कानाशी नेऊन ऐका. करकर आवाज आला तर तो बाण मोडून फेका, पुन्हा वापरू नका. सुटताना फुटला तर चुया हातात घुसतात.

बाण वर-खाली पसरतात, तर दोरी प्रत्येक वेळी एकाच जागी टेकते का ते पाहा. हनुवटीखाली टेकवायची ठरली तर तिथेच, तोंड मिटून. तोंड उघडलं तरी जबडा खाली जातो आणि बाणाचं मागचं टोक खाली जातं. दोरीवर बाण लावायची खूण घसरली आहे का, तेही पाहा. बाण डावी-उजवीकडे पसरतात, तर धनुष्य मुठीत आवळून धरलं आहे का बघा. धनुष्य अंगठ्याच्या मुळाशी टेकवायचं असतं, बोटं सैल. आवळलं की ते पिळवटतं आणि बाण बाजूला जातो. दोरी सोडताना बोटं उघडायची नाहीत, ढिली सोडायची, दोरी आपली जाते. आणि धनुष्य उभंच धरा. उजवीकडे कललं की बाण उजवीकडे जातो.

बाण सगळेच्या सगळे खूप डावीकडे, पार पोत्याबाहेर जात असतील आणि मारणारा उजव्या हाताने दोरी ओढणारा असेल, तर त्याचा कोणता डोळा मुख्य आहे ते तपासा. दोन्ही तळहात समोर धरून त्यांच्यात लहान खिडकी करा, त्यातून लांबची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी पाहा, मग एकेक डोळा मिटा. जो उघडा असताना वस्तू खिडकीतच राहते तो मुख्य डोळा. मुख्य डोळा डावा निघाला तर तो मिटून मारा, किंवा सुरुवातीलाच डाव्या हाताचं धनुष्य घ्या. हा दोष नाही. फक्त ते आधी माहीत असायला हवं.

कालचा झुबका आज जागेवरून सरकला, तर दोरी आणि मुठीमधलं अंतर मोजा. नवी दोरी ताणून लांबते, मग हे अंतर कमी होतं. दोरीला पीळ वाढवला की ती आखूड होते आणि अंतर पुन्हा जुळतं. साईटचा स्क्रू ढिला झाला आहे का तेही बघा. आणि झुबका सुरुवातीला घट्ट, तासाभराने मोठा, तर काही बिघडलेलं नाही. तुम्ही थकला आहात. धनुष्य उतरवा, पाणी प्या. पहिल्या वर्षी 20-22 पौंडांचं धनुष्य पुरे. जड धनुष्य ओढून मर्दानगी दाखवणारे सगळ्यात आधी खांदा धरून बसतात.

सगळ्यात मोठी खोड वेगळीच आहे. बाण सुटला रे सुटला की तो कुठे गेला हे बघायला मान वर काढायची. मान वर गेली की हात खाली येतो आणि बाण धनुष्यातून पूर्ण बाहेर पडायच्या आत बिघडतो. बाण लागल्याचा आवाज येईपर्यंत हलायचं नाही. निकालाची घाई कामच बिघडवते.

आता चळवळीबद्दल बोलू. एका बाणावरून साईट हलवायची नाही, हा तिरंदाजीतला साधा नियम आहे. तीन-चार फेऱ्या मारा, झुबका बघा, मगच स्क्रूला हात लावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. आपण काय करतो? एक निवडणूक हरलो की दिशा बदलतो. एक मोर्चा फसला की संघटना बदलतो. एका नेत्याचं एक भाषण आवडलं नाही की नवा गट काढतो. रोज साईट हलवणाऱ्याचा झुबका कधीच तयार होत नाही, आणि झुबकाच नसेल तर साईट चुकली की हात, हे त्याला आयुष्यभर कळत नाही. मग एकतर सगळा दोष व्यवस्थेला, नाहीतर सगळा आपल्या माणसांना. दोन्ही आळसाची उत्तरं आहेत. व्यवस्थेवर आरोप करायचा हक्क झुबक्याने मिळतो. आपला हात पक्का आहे हे दाखवलं की साईट बदला म्हणून ठणकावून सांगता येतं. अर्ज करणाऱ्या वलंगकरांच्या आणि कांबळ्यांच्या मागे पिढ्यांच्या लष्करी सेवेची नोंद होती. तो त्यांचा झुबका होता.

काही पोरं आम्हाला क्रॉसबोबद्दल विचारतात. सिनेमात पाहून ओढ लागते. निकोबारी लोकांत क्रॉसबो शिकारीचं जुनं हत्यार आहे, तेव्हा तो काही फक्त विलायती प्रकार नाही. त्यातही तपासणी हीच. आधी झुबका, मग साईट. तिथे घोडा ओढायचा असल्याने लोकांना वाटतं नेम आपोआप लागेल. नाही लागत. दोरी चढवताना ती दोन्ही बाजूंनी सारखी मागे आली नाही, थोडी जरी एका बाजूला ओढली गेली, तर बाण बाजूला जातो. म्हणून दोन्ही हातांनी सारखी ओढता येणारी दोरखंडाची साधी कप्पी वापरतात. दुर्बिणीचे स्क्रू ढिले, घोड्याला झटका, वजनाला वेगवेगळे बाण, ही बाकीची कारणं. आणि एक इशारा. पुढच्या हाताचा अंगठा बाणाच्या पट्टीच्या वर येऊ देऊ नका. दोरी सुटली की ती अंगठा घेऊन जाते.

अंगठ्याचा विषय निघालाच आहे, तर एकलव्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. आज जगभरच्या स्पर्धांत रिकर्व्ह धनुष्याची दोरी तीन बोटांनी ओढतात. एक बोट बाणाच्या वर, दोन खाली. अंगठा तळहातात मिटलेला, त्याचं काही कामच नाही. द्रोणाने मागितलेल्या अंगठ्याशिवाय ऑलिम्पिक खेळता येतं. मग एकलव्याचं नुकसान नेमकं कशात झालं? आम्हाला वाटतं, ज्याने शिकवायला नकार दिला त्याचंच आपण देणं लागतो, हे त्याने मान्य केलं त्यात. जंगलात एकट्याने मारून, पाहून, सुधारून त्याने विद्या कमावली होती. झुबका त्याचा होता, साईट त्याची होती. श्रेय मात्र मातीच्या पुतळ्याला गेलं. आणि आपल्या देशात 1961 पासून खेळाडूला अर्जुनाच्या नावाने पुरस्कार मिळतो, 1985 पासून प्रशिक्षकाला द्रोणाच्या नावाने! बुद्धाने कालामांना सांगितलेली गोष्ट वेगळी होती. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणतो म्हणून मानू नका, अनुभवाने तपासून पाहा. साईट लावताना नेमकं हेच करायचं असतं.

शेवटी आजच्या खेळाडूंकडे पाहू. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत आपल्या शेजारच्या नागपूरचा ओजस देवतळे कंपाऊंड प्रकारात विश्वविजेता झाला. अंतिम सामन्यात 15 बाण, 150 पैकी 150. म्हणजे 50 मीटरवरून 8 सेंटीमीटरच्या वर्तुळात सलग 15. त्याच स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी 17 व्या वर्षी विश्वविजेती झाली. पण आमच्या पोरांना आम्ही आधी प्रवीण जाधवची गोष्ट सांगतो. फलटण तालुक्यातल्या सरडे गावातला, मजुरी करणाऱ्या आई-वडिलांचा मुलगा. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत त्याची निवड झाली आणि तिरंदाजी त्याला अमरावतीत मिळाली, आपल्या लगतच्या जिल्ह्यात. तो टोकियो ऑलिम्पिक खेळला, 2024 मध्ये पॅरिसही खेळला. स्पर्धेचं चांगलं धनुष्य लाखाच्या घरात जातं. सरकारी वसतिगृह, सरकारी जेवण आणि सरकारी धनुष्य नसतं, तर मजुराच्या घरातला हा हात कोणाला दिसला असता? म्हणून सार्वजनिक क्रीडा संस्था टिकल्या पाहिजेत, त्यांच्या जागा भरल्या पाहिजेत, तालुक्यापर्यंत आल्या पाहिजेत. ही मागणी शिष्यवृत्तीच्या मागणीइतकीच आपली आहे.

त्या मुलीने आता एक वही केली आहे. वहीत तिच्या स्वतःच्या खुणा आहेत, 10 मीटर, 15 मीटर, 20 मीटर. धनुष्य कोणाच्याही हातातून आलं तरी ती आधी वही उघडते, साईट आपल्या खुणेवर आणते आणि मगच रेषेवर उभी राहते. वस्तीतल्या प्रत्येक पोरापोरीकडे अशी वही असावी, अभ्यासाची असो वा खेळाची. त्यात किती बाण मारले, कुठे लागले, काय बदललं, सगळं लिहिलेलं असावं. उद्या कोणी म्हणालं "तुझ्या हातातच नाही", तर वाद घालायच्या आधी वही त्याच्या समोर ठेवता येईल.

जय भीम!